हे म्हणाले

जिंजीला जाताना गाडीत आपण पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो, एवढं वासुदेवरावांना आठवत होतं. पण जे आठवतं ते घडलेलंच असतं का, ही शंका त्यांना अलीकडे चहात साखर घातली की नाही इथपासून येत असे. मागच्या सीटवर त्यांना मळमळायचं, म्हणून ते नेहमी पुढे बसत; तेव्हा त्या दिवशीही पुढेच बसले असणार. पण 'असणार' म्हणजे अनुमान, निरीक्षण नव्हे. रायपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना हा फरक त्यांनी आयुष्यभर मुलांच्या डोक्यात भरला होता, आणि आता तो त्यांच्याच मागे लागला होता.

निवृत्तीनंतरची ती पहिली थंडी. आनंदीबाईंना समुद्र पाहायचा होता आणि वासुदेवरावांना जिंजीचा गड, म्हणून दोघं पाँडिचेरीला गेले. फ्रेंचांच्या वेळच्या त्या वस्तीतल्या हळदीसारख्या पिवळ्या भिंती, त्यांच्या पांढऱ्या कडा, गुलाबी घरांवरून रस्त्यावर ओसंडलेली बोगनवेल, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पाट्यांवरची फ्रेंच नावं, हे सगळं त्यांना लख्ख आठवे. त्या भिंतींपुढे हसत उभी असलेली आनंदीही आठवे. फक्त तिच्याकडे पाहताना आपण कुठे उभे होतो, ते आठवत नसे.

जिंजीचं मात्र आठवत होतं, कारण त्याची लाज होती. राजाराम महाराजांनी मोगलांना जिथे वर्षानुवर्षं दाद दिली नाही, त्या गडाबद्दल त्यांनी रायपूर स्टेशनपासूनच आनंदीबाईंना व्याख्यान दिलं होतं. आणि प्रत्यक्षात शिळांचा तो डोंगर समोर आला, वर दरीवरून एक पूल ओलांडावा लागतो असं कळलं, तेव्हा त्यांनी गाडीचं दार उघडलंच नाही. "तू जाऊन ये," ते म्हणाले. आनंदीबाईंनी पदर खोचला. त्या एकट्या चढून गेल्या. वासुदेवराव गाडीतच बसून राहिले. उन्हं चांगली तापल्यावर कुणीतरी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. एक आकाशी बाही आणि हात दिसला, चेहरा दिसला नाही. ड्रायव्हर असावा.

रायपूरला परतल्यावर ब्राह्मणपारा वस्तीतल्या घरी शेजारच्या शारदाबाई आल्या, तेव्हा आनंदीबाईंनी प्रवास सांगितला.

"इतका उभा चढ, बाई, मले तर दमच लागला. पण हे म्हणाले, आता थांबायचं नाही. पुलावर माझे पाय लटपटले, तर ह्यांनी हात धरला."

वासुदेवरावांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. वर्ध्याकडच्या माहेरच्या रीतीप्रमाणे आनंदीबाईंनी लग्नापासून बोलताना नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं; नवरा म्हणजे 'हे'. आपला भेकडपणा तिनं त्या एका अक्षरात झाकून टाकला, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्यांनी तिच्यासाठी गरम जिलबी आणली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ती वाढत गेली. 'ह्यांनी' पायातला काटा काढला. 'हे' पुलावर उभे राहून गाणं म्हणाले. वासुदेवरावांना सुराचा गंध नव्हता. मग एकदा त्यांच्या सुनेच्या, संपदाच्या माहेरची माणसं बसलेली असताना आनंदीबाई म्हणाल्या, की लॉजच्या मालकिणीनं मासे केले होते आणि ह्यांनी दोनदा मागून घेतले.

"मी? मासे?" वासुदेवराव हसत म्हणाले. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

"तुम्ही काहून खाल?" आनंदीबाई म्हणाल्या. "मी ह्यांचं सांगून राहिली."

सगळे हसले. वासुदेवरावही हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की आनंदीबाई हसत नाहीयेत.

त्यानंतर ते कान देऊन ऐकू लागले. दूधवाल्याला त्या सांगत, "दादाजी घर पे नहीं हैं." फोनवर म्हणत, "ऋषिकेशचे बाबा झोपले." समोरासमोर त्या त्यांना 'तुम्ही' म्हणत, जेवायला 'अहो' अशी हाक मारत, पानात तूप वाढायला विसरत नसत. त्यांच्या वागण्यात कुठे बोट ठेवावं अशी जागाच नव्हती. फक्त 'हे' हा शब्द त्यांनी त्या प्रवासातल्या माणसासाठी राखून ठेवला होता.

एका दुपारी त्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा वासुदेवरावांनी विचारलं, "हे म्हणजे कोण, आनंदी?"

आनंदीबाईंनी शेंगेची शीर सावकाश ओढून काढली. "नवऱ्याचं नाव कोणी घेते का?"

"आज घे. एकदाच."

"परक्या माणसासारखं काय विचारता," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

वासुदेवरावांनी मुलाला सांगितलं. मासे खाल्ले नाहीत, इथपर्यंत ऋषिकेश हसत होता. आपण गडावर चढलोच नव्हतो असं ते म्हणाले, तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "बाबा, आई इतक्या वेळा सांगते. अब वो भी याद नहीं?" तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ते सगळे त्यांनी बरोबर सांगितले, पण भीतीनं घाम आला होता, तो डॉक्टरांना दिसला. घरी आल्यावर स्कूटरची किल्ली संपदाच्या कपाटात गेली, आणि सगळे त्यांच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलू लागले. स्वयंपाकघरातून आनंदीबाईंचा मायाळू आवाज आला, "त्यांना रागावू नको, रे. चांगले आहेत बिचारे." आता ते 'ते' झाले होते.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा संपदानं घरीच समारंभ केला. मराठी मंडळातल्या बायका जमल्या, उखाण्याचा आग्रह सुरू झाला, आणि वासुदेवरावांना कितीतरी दिवसांनी आशा वाटली. उखाण्यात नाव घ्यावंच लागतं. चारचौघांत तिच्या तोंडून 'वासुदेवराव' एवढं निघालं, की 'हे' म्हणजे कोण ते कायमचं ठरलं. मग मासेसुद्धा आपणच खाल्ले, असं मानायला त्यांची तयारी होती.

"जिंजीच्या गडावर वारा सुटला गार..."

दुसऱ्या ओळीत नाव यायचं. वासुदेवराव शेजारच्या खुर्चीत, गळ्यात हार घालून बसले होते. आनंदीबाईंनी दाराकडे पाहिलं.

"हे येऊ द्या," त्या म्हणाल्या. "मग पूर्ण करते."

एकच हशा पिकला. "काय गं, चाळीस वर्षांनी पण छळूनच राहिली त्यांना," शारदाबाई म्हणाल्या. मग कुणीतरी गडाचं विचारलं, आणि आनंदीबाईंचा चेहरा उजळला.

"खाली गाडीत एक म्हातारे होते. चढायची हिंमत नाही, बसले होते उन्हात. हे म्हणाले, त्यांना पाणी देऊन येतो. नवा आकाशी शर्ट होता ह्यांचा, घामानं पार भिजून गेलता." त्या थांबल्या. मग शेजारी वळून त्यांनी पेढ्यांची बशी वासुदेवरावांपुढे केली. "घ्या ना," त्या अगत्यानं म्हणाल्या. "संकोच करू नका."

त्या पाण्याबद्दल वासुदेवराव आजवर कुणाशीही बोलले नव्हते.

पुढे दोन वर्षांनी आनंदीबाई आजारी पडल्या. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्या एकच विचारत, "हे आले का?" वासुदेवरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, "आलो. मी आलो, आनंदी." आनंदीबाईंनी डोळे उघडले, नीट पाहिलं, हात सोडवून घेतला, आणि अनोळखी माणूस खोलीत आल्यावर ओढतात तशी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

बऱ्याच वर्षांनी नात ओवी शिकायला चेन्नईला गेली, आणि एका सुट्टीत आजोबांना हट्टानं पाँडिचेरीला घेऊन आली. भिंतींना नवा रंग लागला होता, पण पिवळाच. लॉजच्या मालकिणीनं जिंजीसाठी बोलावलेला ड्रायव्हर तोच निघाला. केस पांढरे झालेले. त्यानं वासुदेवरावांना पाहताक्षणी ओळखलं आणि हात जोडले.

ओवीनं मागचं दार उघडलं. "आजोबा, पीछे आराम से बैठिए."

ड्रायव्हरनं मान हलवली, ते दार हळूच लावलं, आणि पुढचं उघडून धरलं.

"ये साब आगे बैठता," तो ओवीला म्हणाला. "उस दिन भी आगे बैठा था. मॅडम और मॅडम का हस्बैंड पीछे."

वासुदेवराव पुढे बसले. म्हणजे तेवढं त्यांना बरोबर आठवत होतं.