लांबूनच हाक मार

"मूठ वळ. वळ की. आता सोड."

कृष्णात हवालदार स्टुलावर बसून हुकूम सोडत होते आणि समोर खाटेवर बसलेल्या विजयमालाबाईंची डाव्या हाताची बोटं काही केल्या हुकूम पाळत नव्हती. रबरी चेंडू तळहातावर नुसता पडून होता.

"आवं, परेड हाय का ही?" बाई म्हणाल्या. "वरडून बोटं वळत्यात व्हय कुठं?"

तोफखान्यात असताना हवालदारांनी भल्याभल्या आडदांड रंगरुटांना सरळ केलं होतं, पण घरातल्या या एका हातापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला आता चार महिने होत आले होते. पाय सुधारला, काठी घेऊन त्या घरातल्या घरात फिरू लागल्या. हाताचं मात्र कराडच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की फार आशा धरू नका. "आणखी लवकर आणलं असतं तर..." एवढं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले होते. ते अर्धं वाक्य तेव्हापासून हवालदारांच्या मानगुटीवर बसलं होतं.

उंब्रजपासून थोडं आत असलेल्या या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे कुणी हवालदार म्हणून निवृत्त झाला, सुभेदार म्हणून झाला, तरी त्याचं कुणाला अप्रूप नाही. पारावर बसायला जागा मिळायची तर माणसाजवळ काहीतरी जगावेगळं लागतं. कृष्णात हवालदारांजवळ त्यांची झोप होती. त्यांना झोपेत हात लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा एस.टी.त त्यांना डुलकी लागली आणि कंडक्टरनं तिकिटासाठी खांद्यावर थाप मारली. हवालदारांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्याचा हात असा पिरगळला, की बिचाऱ्याचं तिकिटांचं यंत्र बाकाखाली गेलं. गाडी थांबली, बोलाचाली झाली, पाहुण्यारावळ्यांची ओळख निघाली आणि प्रकरण मिटलं. पण पुढे तो कंडक्टर हवालदार दिसले की चार बाकं अलीकडूनच टाळ्या वाजवायचा. नाथाजी न्हावी तर दाढी करता करता हवालदारांची मान कलली की वस्तरा घेऊन आधी दोन पावलं मागं सरायचा आणि मगच खोकायचा. पारावर हे किस्से निघाले की हवालदार मिशीत हसायचे. "फौजीला झोपंत हात लावायचा न्हाई गड्या," म्हणायचे, "त्यो कुठल्या डोंगरावर हाय, तुमाला काय ठाव?"

या किस्स्यांच्या मुळाशी जो किस्सा होता, तो मात्र त्यांनी पारावर कधीच सांगितला नाही. लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. काश्मीरमधून ते पहिल्यांदा सुट्टीवर आले होते. दुपारी विजयमाला चहा घेऊन आली आणि त्यांना उठवायला तिनं खांद्याला हात लावला. त्यांना जाग आली तेव्हा बायको भिंतीला टेकलेली होती, तिचा गळा त्यांच्या मुठीत होता आणि उकळता चहा तिच्या पायावर सांडला होता. त्यांनी हात सोडला. बाहेरून सासूनं काय पडलं म्हणून विचारलं, तर कप निसटला, असं ती म्हणाली. पोरीचं वय ते काय, पण तिनं नवऱ्यावर शब्द येऊ दिला नाही. हवालदारांना स्वतःचीच इतकी भीती वाटली, की ते तिला म्हणाले, "परत कवा हात लावू नगंस. लांबनंच हाक मार."

बाईंनी ते व्रतासारखं पाळलं. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि हाक मारायची. तरुणपणी एका हाकेत काम व्हायचं. पुढे तोफांनी हवालदारांच्या कानांचा निकाल लावला, तशा हाका वाढत गेल्या. मग कानात घालायचं यंत्र आलं, पण झोपताना ते टोचतं म्हणून हवालदार काढून ठेवायचे. अशा वेळी बाई घसा ताणून हाका मारायच्या. शेजारचे उठायचे, हवालदार उठायचे नाहीत. तरी त्यांनी कधी हात लावला नाही.

दोन दिवाळ्यांपूर्वी मुलगा राजवर्धन पुण्याहून सहकुटुंब आला होता. नातू वीरधवल गाढ झोपलेल्या आजोबांच्या पोटावर धाडकन येऊन बसला. आजोबांनी कूस बदलली, पोराला कुशीत ओढलं आणि पुन्हा घोरू लागले. उठल्यावर सुनेनं हसत हसत सांगितलं तेव्हा हवालदारांच्या ध्यानात आलं, की ते जुनं भूत केव्हाच उतरून गेलं आहे. बायकोला हे सांगायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण भूत गेलं म्हटल्यावर मागे उरतं काय? कमी ऐकू येणारा, गुडघे धरून उठणारा एक म्हातारा. असे गावात ढिगानं होते. हवालदार गप्प राहिले आणि पारावर कंडक्टरचा किस्सा आणखी रंगवून सांगू लागले.

बाईंच्या अंगावरून वारं गेलं त्या दुपारी जेवण करून, यंत्र फडताळात ठेवून ते आडवे झाले होते. बाई सोप्यात गहू निवडत बसल्या होत्या. सूप हातातून गळून पडलं. उचलायला गेल्या तर हातच उचलेना. फरपटत, भिंतीचा आधार घेत त्या खाटेपर्यंत आल्या आणि पायथ्याशी खाली बसल्या. तिथून त्यांनी हाका मारल्या. किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नाही. शेजारचा तात्याबा फवारणीचा पंप मागायला आला, तेव्हा दारातलं ऊन पार भिंतीवर चढलं होतं. बाईंचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. चांगल्या हातानं त्यांनी खाटेची कड धरली होती आणि नवऱ्याचं पाऊल तिथून वीतभर अंतरावर होतं.

"उठंनात," एवढंच त्या जड जिभेनं म्हणाल्या.

तात्याबाला फौजीही आठवला नाही आणि कंडक्टरही. त्यानं हवालदारांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. हवालदारांनी डोळे उघडले आणि जांभई देत विचारलं, "काय रं, तात्याबा?"

आज सकाळी पारावर तात्याबानंच ते काढलं. इतके दिवस त्याच्या मनात असणार. "गड्या, त्या दिवशी तुला म्या एवढं हलवलं," तो हळूच म्हणाला, "तू तर काय बी केलं न्हाईस." घरी काम आहे म्हणून हवालदार उठले आणि तडक घरी येऊन चेंडू घेऊन बसले.

आता त्यांनी बाईंच्या तळहातावरचा चेंडू उचलून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मला हात का न्हाई लावलास?"

बाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमीच सांगितलं हुतं न्हवं."

"त्याला जमाना झाला की गं."

"पर तुमी ते मागं कुठं घेतलंसा?"

हवालदारांनी मान खाली घातली. जे दोन दिवाळ्यांपूर्वी चहा पिता पिता सांगून टाकायचं, ते आता घशातून ओढून काढावं लागत होतं. "मला आता तसलं काय हुत न्हाई," ते म्हणाले. "लय दिस झालं. मला कळलं हुतं."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर हवालदारांना बरं वाटलं असतं.

"मग मला सांगायचं न्हवतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या आता." बाईंनी चांगल्या हातानं चेंडू घेतला आणि तो डाव्या हातात ठेवून त्यावर एकेक बोट मुडपून बसवू लागल्या.

"हितनं पुढं हात लावून उठवत जा," हवालदार म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आडवे झाले, पण यंत्र त्यांनी कानातच ठेवलं. झोप येण्याची शक्यता नव्हती. ते डोळे मिटून पडून राहिले. बाहेर सार्वजनिक नळाला पाणी आल्याचा गलका झाला. मग काठीचा आवाज आला. आधी काठी, मागून घासत येणारा पाय. आवाज खाटेच्या पायथ्याशी थांबला.

"आवं," बाई म्हणाल्या.

हवालदार हलले नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

"आवं, पानी आलंय."

मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. हात मोकळा करायला त्यांना काठी सोडणं भागच होतं. त्यांच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा वास जवळ आला, पावलांपर्यंत आला. हवालदारांचं सगळं अंग त्या एका जागी गोळा झालं. बायको आपल्याला हात लावील म्हणून इतकी वाट त्यांनी नव्या लग्नातही पाहिली नसेल.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग तेलाचा वास मागे सरला आणि काठी पुन्हा फरशीवर टेकली.

"आवं, उठा," त्यांनी आवाज चढवला. "नळ जाईल."

"उठलो," हवालदार म्हणाले आणि घागर घेऊन बाहेर गेले.