गुरुवारची पाहणी

धायरीतल्या एकशे बेचाळीस लहान कारखान्यांपैकी एकसष्ट बंद, असं नम्रता वानखडेच्या पाहणीत निघालं होतं. त्यावरून ती काम करत होती त्या संशोधन संस्थेचा अहवाल तयार झाला: सरकारने या कारखान्यांसाठी सामाईक चाचणी केंद्र उभारू नये, तोच निधी एका मोठ्या प्रकल्पाला सवलत म्हणून द्यावा. मंगळवारी अहवाल सरकारी समितीपुढे जायचा होता. नम्रता यवतमाळची, कंत्राटावर; ते कंत्राट त्याच मंगळवारी संपत होतं. अहवाल वेळेत गेला तर वर्षभराची मुदतवाढ, असं संचालक सुदर्शन आगाशे यांनी सांगितलं होतं.

शुक्रवारी ती यादीतल्या एका बंद शेडचा फोटो काढायला गेली. आत तीन लेथ चालू होते.

मालक दत्तोबा पोकळे यांनी विचारलं, तुमची माणसं कधी येऊन गेली? तिने फॉर्मवरची तारीख वाचली, गुरुवारची.

“गुरुवारी लाईट नसती ताई. साऱ्या पट्ट्याला सुट्टी हाय. तुमचं हापिस रविवारी बंद असतंय, तवा आमी म्हणतो का बुडालं म्हणून?”

पाहणीला कॉलेजची मुलं होती. त्यांना गुरुवारी तास नसत, म्हणून तो वार नम्रतानेच ठरवला होता. जिथे जनरेटर होता किंवा मालक साफसफाईला आला होता, ते कारखाने ‘चालू’ म्हणून नोंदले गेले. कुलूप दिसलं ते ‘बंद’.

तिने आगाशेंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“दत्तोबांना.”

“ते समितीत नाहीत.”

अहवालावर आपण सही करणार नाही, असं ती म्हणाली. मग पुन्हा पाहणी करायला शनिवार-रविवार आहेत, पण चूक कोणाची ते पहिल्या पानावर येईल, असं आगाशे म्हणाले. ती एकटीच एकसष्ट शेड फिरली. रविवारी तर सगळा पट्टा घणघणत होता. खरोखर बंद निघाले आठ.

शिफारस उलटली. समितीने चाचणी केंद्र स्वीकारलं. पहिल्या पानावर चुकीपुढे नम्रताचं नाव होतं, आणि मुदतवाढीचं पत्र आलं नाही.

बुधवारी तिने दत्तोबांना फोनवर निर्णय सांगितला. ते म्हणाले, उद्या चहाला या, कामाच्या दिवशी बोलायला सवड मिळत नाही.

“पण गुरुवारी तुमाला रजा मिळंल का?”

रजेचा प्रश्न आता राहिला नाही, असं तिने सांगितलं आणि किती वाजता येऊ ते विचारलं.