पानगळीची पुस्तकं

“बाई, ह्या पुस्तकांना कधी खरंखुरं लहान मूल भेटलंय का?”

प्रश्न तोफ म्हणतात त्या मुलीचा स्वतःचा नव्हता. भेंडी आणि टिकली ह्या तिच्या दोन मैत्रिणींनी तो दारामागे उभं राहून रचला होता आणि “हिंमत असेल तर विचारून दाखव” म्हणत तिच्या गळ्यात बांधला होता. पण आवाज तोफेचा होता. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या त्या शांत ग्रंथालयात पाठांची टाचणं काढत बसलेल्या सगळ्या शिकाऊ शिक्षकांनी माना वर केल्या, आणि एकाच्या हातातली खडूची पेटी खाली पडली.

गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरी द्यायला लाजायची. मग शाळेच्या नाटकात सूत्रधाराचं काम करणारी मुलगी गाव सोडून गेली आणि बाकी कुणी तयार होईना, म्हणून ते हिच्या गळ्यात पडलं. पहिल्याच तालमीत बाटलीचं बूच उडावं तसा हिचा आवाज उडाला. तेव्हापासून ती सगळ्यांची तोफ. आता तिला कुणालाही काहीही विचारता यायचं, आणि ती विचारायचीही.

बालसाहित्याच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून तिची आई तपकिरी कार्डपेपरची पानं कापत होती. तिने डोळे वटारले. पण वटारलेले डोळे मिटायला लागतील इतकी ती दमलेली होती, त्यामुळे त्यात काही जोर आला नाही.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्या टेबलावरच्या चहावर केव्हाच साय धरली होती.

“भेटतं की,” त्या म्हणाल्या. “ही मंडळी शाळांमध्ये पाठ घ्यायला जातात तेव्हा पुस्तकं घेऊनच जातात. मूल भेटून आलं की पुस्तक कसं दिसतं, बघायचंय?”

कपाटाशेजारच्या खोक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. खोक्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘पानगळ’. आत पुस्तकं कसली, पुस्तकांची हाडं होती. कुणाचं मुखपृष्ठ लोंबतंय, कुणाचा दोरा सुटलाय, एका हत्तीची सोंड कुणीतरी प्रेमाने चघळलेली.

“पानं गळालेली सगळी त्यात टाकतो. बांधणीवाल्याकडे पाठवायची आहेत. कधी, ते मात्र विचारू नकोस.”

टिकली दारातून फिस्सकन हसली. तेवढ्यात तिची नजर खिडकीजवळच्या मांडणीवरच्या पाटीवर गेली. ‘नवीन आवक’.

“आवक? अगं, कांदे-बटाटे आलेत की काय!”

“कांदे असते तर निदान कुणी हात तरी लावला असता,” बाई म्हणाल्या आणि चष्मा परत नाकावर घेतला. म्हणजे प्रश्नोत्तरं संपली.

आईचं ह्या ग्रंथालयातलं काम साधं होतं, पण संपायचं नाही. दर ऋतूला खिडकीजवळची मांडणी बदलायची. उन्हाळ्यात समुद्र, थंडीत बर्फाची माणसं, वसंतात पिल्लं. त्या त्या ऋतूची पुस्तकं निवडायची, नवीन आलेल्यांवर शिक्के मारायचे, प्लास्टिकची कव्हरं चढवायची, आणि भोवती कागदाची झाडं, ढग, पक्षी उभे करायचे. शिकाऊ शिक्षकांनी ते बघून आपापल्या वर्गात तसंच करावं, असा हेतू. मांडणी हंगामी आणि आईही हंगामी. दर हंगामाला वरून नवा कागद यायचा, तेव्हा कुठे तिची नोकरी पुढे सरकायची.

आणि आता तिचा उजवा हात कुरकुरायला लागला होता. आधी मुंग्या यायच्या, मग बोटं सुन्न, मग हातातून कात्री गळायची. मनगटातली नस दाबली गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. छोटंसं ऑपरेशन, आणि पुढे दीड-दोन महिने हाताला सक्त आराम.

“हंगामी माणसाने आजारी पडायचं नसतं,” त्या संध्याकाळी आई म्हणाली. चमचा तिने डाव्या हातात धरला होता. “एक हंगाम चुकला की दुसरं माणूस आलंच. लाइन लागलीय बाहेर.”

“आणि हात गेला तर?” बाबांनी विचारलं. बाबा टेलर. वळणावरच्या छोट्याशा दुकानात दिवसभर लोकांच्या पॅन्टी आखूड करायचे आणि पोटं सुटलेल्यांच्या सैल करायचे. मान इतकी वाकलेली असायची, की घरी आल्यावरही ते जमिनीशीच बोलतायत असं वाटायचं.

“डावा आहे की अजून.”

“डाव्याने तू सही तरी करतेस का? कोंबडीचे पाय उमटतात.”

“मग कोंबडी म्हणून नोकरी करीन. दाणे तरी टिपीन.”

कुणी हसलं नाही. विनोद वाईट नव्हता, हसायला त्राण नव्हतं, एवढंच. त्या घरात हल्ली सगळी भांडणंसुद्धा बसल्या जागी, हळू आवाजात व्हायची. तोफ एकटीच खणखणीत होती, आणि तिला त्याची जरा लाज वाटायची.

शनिवारी सकाळी आईचा हात सुजून टम्म झाला. बाबांनी दुकानाचं शटर अर्ध्यावरच सोडलं आणि तिला दवाखान्यात न्यायला निघाले. आईचा जीव मात्र मांडणीत. सोमवारी प्राचार्य बघायला येणार होते.

“बये, तू जा,” ती तोफेला म्हणाली. “पहारेकरी दार उघडून देईल. झाड उभं केलंय, पानं कापलीत. पानगळीची पुस्तकं कपाटाशेजारीच ठेवलीत, ती तेवढी मांड. आणि बाई आल्याच, तर आई बाजारात गेलीय म्हण. हाताबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कळलं?”

“कळलं गं.”

आणि तिला खरंच सगळं कळलं होतं. पानगळीची पुस्तकं, कपाटाशेजारी. खोक्यावर तसं लिहिलेलंच होतं. शेजारी तपकिरी कागदात गुंडाळलेला एक गठ्ठाही होता, पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिने तो ढकलून बाजूला केला.

खोकं उघडून ती क्षणभर बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे वा! काय डोकं आहे आईचं, बांधणीवाल्याकडे जायच्या आधी हीच मांडायला घेतली! झाडाची पानं गळतात, पुस्तकाचीही पानं गळतात. पानगळ म्हणजे पानगळ! तिने झाडाच्या फांद्यांना दोऱ्याने मुखपृष्ठं लटकवली. पुस्तकांची उरलीसुरली सैल पानं ओढून काढली आणि मूठमूठ घेऊन झाडाखाली उधळली. त्यात आईची कापलेली तपकिरी पानं मिसळली. मग दूर जाऊन, डोकं कलतं करून पाहिलं. झक्कास! प्राचार्य काय, प्राचार्यांचे आजोबा आले तरी टाळ्या वाजवतील.

प्राचार्यांच्या आधी बाई आल्या.

त्या दारातच थांबल्या. पिशवी खांद्यावरून उतरवायचीही विसरल्या.

“हे काय आहे?”

“पानगळ!” तोफ म्हणाली.

बाई सरळ तपकिरी गठ्ठ्यापाशी गेल्या, दोरी सोडली आणि कागद उलगडला. आत कोरी करकरीत पुस्तकं. पहिल्यावर लाल-पिवळ्या पानांच्या ढिगात झोपलेला साळिंदर. दुसऱ्यावर झाडाखाली बिया गोळा करणारी खार. तिसऱ्यावर वाऱ्याने उडालेली टोपी आणि तिच्यामागे धावणारा म्हातारा. सगळ्या पुस्तकांत एकच ऋतू.

“ही पानगळीची,” बाई म्हणाल्या. “आणि ती बांधणीवाल्याची. माझंच चुकलं. गंमत म्हणून खोक्यावर ते नाव लिहिलं.”

“मला वाटलं, हीच...” तोफ पुटपुटली. गेल्या वर्षीचा जुना घसा परत आल्यासारखा. तिने झाडाखालच्या ढिगाकडे पाहिलं. कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान, ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

“चल, बस,” बाईंनी पदर खोचला आणि सरळ फरशीवर मांडी घातली. “सोमवारच्या आत लावायला हवीत.”

दोघी पानं लावत बसल्या. माशांच्या पुस्तकात उंट निघाला. उंटाच्या पुस्तकात चंद्र. पानांवरचे आकडे कुठे चावलेले, कुठे रंगात बुडालेले. अर्धं वाक्य ह्या पानावर सापडायचं आणि उरलेलं अर्धं शोधता शोधता पाय बधिर व्हायचे. खिडकीतलं ऊन ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं तरी ढीग होता तेवढाच दिसत होता. तोफेला रडू येत होतं, पण रडण्याचाही कंटाळा आला होता.

“आई कुठे गं?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

बाजारात, हा शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. पण दिवसभर उंट आणि चंद्र वेगळे करून तिची अवस्था अशी झाली होती, की आणखी एक गोष्ट चुकीच्या जागी घालणं तिला जमेना.

“दवाखान्यात. हात सुजलाय. ऑपरेशन सांगितलंय, पण ती करत नाही. तुम्ही तिला काढून टाकाल म्हणून.”

बाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. “मी कोण काढणारी? मलाही कुणीतरी ठेवलेलंच आहे.” मग थोड्या वेळाने, “कात्री डाव्या हातात धरायला लागली, तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. दमलं की माणूस असंच करतं बघ.”

“तिला रजा नाही का मिळणार?”

“हंगामी माणसाला रजा नसते, बाळ. गैरहजेरी असते.”

बाईंनी एक पान उन्हाकडे धरून पाहिलं, चुकीचं निघालं, बाजूला ठेवलं.

“एक सोय आहे. बदली माणूस द्यायचा. त्याने काम केलं, की जागा आईच्याच नावावर राहते. पण कुणी देत नाही. मागे एकीने आपल्या मैत्रिणीला बदली पाठवलं. ती मैत्रीण आज वरच्या मजल्यावर कायम झालीय, आणि ही घरी.”

“मी येते ना बदली!”

“आधी शाळा पुरी कर. मोठं माणूस लागतं. आणि असं, जे जागेवर डोळा ठेवणार नाही. कात्री चालवता आली पाहिजे, शिवणं-चिकटवणं आलं पाहिजे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत यायला हवं. सोमवारी मला हंगामी लोकांची नावं वर पाठवायची आहेत. तोवर बघ कुणी आहे का.”

तोफेने हातातल्या मासोळीकडे पाहिलं. मासोळीचं पुस्तक मधोमध उसवलेलं होतं. असं उसवलेलं काही दिसलं की सुई शोधत खिसे चाचपणारं माणूस तिच्या घरातच होतं की.

“आहे,” ती म्हणाली. “पण त्यांचं दुकान आहे. संध्याकाळीच गिऱ्हाईक येतं.”

“मग कसं जमणार?”

ह्याचं उत्तर तिला माहीत होतं. ते तिला अजिबात आवडलं नव्हतं. सूत्रधाराची एन्ट्री, मधोमध पडणारा प्रकाश, पहिल्या वाक्याला सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळणं. यंदाच्या नाटकाच्या तालमीही रोज संध्याकाळीच असायच्या. ती नुसती पानं लावत राहिली. एकदा तर पुढच्या वर्षी करू ऑपरेशन, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने बाईंना आईच्या नावाखाली, बदली म्हणून, बाबांचं नाव लिहायला सांगितलं. हळूच, म्हणजे तिच्या मानाने.

गठ्ठ्यातली कोरी पुस्तकं झाडाखाली मांडून झाल्यावर, घरी जाताना ती भेंडीच्या दारात थांबली.

“सूत्रधाराची वही घे. तू करतेयस.”

“मी? वेडी झालीस का? माझे पाय लटपटतात!”

“माझेही लटपटायचे. तिसऱ्या दिवशी थांबतात. आणि मोठ्याने बोल, नाहीतर मी प्रेक्षकांत बसून शिट्टी मारीन.”

भेंडीने आणखी काही विचारायच्या आत ती निघाली, कारण आणखी काही विचारलं असतं तर तिने वही परत मागितली असती.

घरात आई भिंतीला टेकून बसली होती, हाताला जाडजूड पट्टी. बाबा शेजारी बसून तिच्या ब्लाउजची बाही उसवत होते, पट्टीवरून जावी म्हणून.

“मांडलीस गं पानगळ?” आईने विचारलं. “बाई आल्या नाहीत ना?”

“आल्या होत्या. मी सगळं सांगितलं.”

आईने डोळे मिटले. “संपलं.”

“संपलं नाही. ऐका दोघंही, आणि मध्ये बोलू नका. मी दमलेय, एकदाच सांगणार.” तोफ चप्पलही न काढता दारातच उभी होती. “आई, तू ऑपरेशन करून घेणार आहेस. बाबा, सोमवारपासून दुपारी तुम्ही ग्रंथालयात जाणार, आईच्या बदली. नाव देऊन आलेय. पुस्तकं पॅन्टीसारखीच शिवायची, फक्त आखूड करायची नाहीत. आणि संध्याकाळी दुकानात मी बसणार. मापं घेता येतात मला, कपडे द्यायला-घ्यायला येतात, आणि उशीर झाला म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकावर उलटं ओरडताही येतं. नाटक मी सोडलंय. ठरलं.”