फोरमनचं "अजिबात नाही"

गॅरेजचा फोरमन गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी बायकोला काही विचारलं, की तिने तोंड उघडायच्या आत उत्तर याचं. "झोप लागते का?" "लागते की!" जणू तिच्या वाटची झोप हाच काढत होता.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. स्तनातल्या गाठीवर हे औषध चांगलं लागू पडतं. पण केस जातील, पांढऱ्या पेशी घटतील, आणि बोटांच्या नसाही दुखावू शकतात. "मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर लगेच सांगा. डोस कमी करता येतो."

फोरमनने नेमकं शेवटचंच धरलं. डोस कमी! उभा जन्म नटबोल्ट आवळण्यात गेलेला माणूस तो. अर्धवट आवळलेलं चाक निखळतं, एवढंच त्याला ठाऊक. तिसऱ्या डोसनंतर बायको म्हणाली, "अहो, बोटांची टोकं बधिर झाल्यासारखी वाटतात."

फोरमन घाईघाईने म्हणाला, "दवाखान्यात बोलू नकोस हं. औषध कमी केलं आणि दुखणं उलटलं, तर?"

शिंप्याकडे काजबटणं करून संसाराला हातभार लावणारी ती शहाणी बाई. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून गप्प राहिली.

पुढे दर खेपेला नर्स विचारायची, "मुंग्या?" हा ठणकावून सांगायचा, "अजिबात नाही!" घरी तिच्या हातून कप निसटायला लागले. "धांदरट कुठली," म्हणत तो हसायचा आणि काचा स्वतःच वेचायचा.

सहाव्या खेपेला नर्स म्हणाली, "ताई, स्वेटरची बटणं काढा, सलाइन लावायचंय." हजारो शर्टांना काजं केलेली तिची बोटं पहिल्याच बटणावर चाचपडत राहिली. फोरमन मदतीला धावला. "तुम्ही थांबा," नर्स म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून बोटांवर कापूस फिरवला. तिला काही कळलं नाही.

"बधिर वाटू लागलं तेव्हाच सांगितलं असतं तर डोस कमी केला असता, नाहीतर औषध बदललं असतं. उपचार काही थांबले नसते! आता नसा सुधारायला कित्येक महिने जातील, आणि पूर्ण सुधारतील याची खात्री नाही. का लपवलंत?"

नर्सने फोरमनकडे पाहिलं. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानशिलं तापली.

"मीच यांना सांगत होते, काही होत नाही म्हणून," बायको म्हणाली. "यांना काय ठाऊक?"

डॉक्टरीणबाई तिला चांगलंच बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि फोरमनने, शेजारच्याच खुर्चीत बसून, ते सगळं तिला ऐकू दिलं.