ऑल्डरफोर्डची पनवती

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, असं माझी बायको देवयानी म्हणते. म्हणू दे. दूध नासतं, वायफाय बंद पडतं, तेव्हा कोणीतरी काहीतरी केलेलं असतंच. आपोआप काही होत नाही. मग इंग्लंडमधला एक धडधाकट फुटबॉल क्लब आपोआप खाली घसरेल का?

क्लबचं नाव ऑल्डरफोर्ड टाऊन. तुम्ही ऐकलं नसेल, कोणीच ऐकलेलं नसतं. आम्ही तिघे, म्हणजे मी, स्टीफन आणि दत्तप्रसाद, युनिव्हर्सिटीत असताना इथे, इंग्लंडपासून अर्ध्या जगावर, गिरावीन नावाच्या उपनगरात एका घरात राहायचो आणि एकाच वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचो. तिथला सुपरवायझर ऑल्डरफोर्डचा. सोमवारी त्याला जो विचारेल, ‘काय मेट, टाऊनचं काय झालं?’ त्याला बऱ्या शिफ्ट मिळायच्या. थोडक्यात, पोटासाठी धरलेला क्लब. पुढे सुपरवायझर रिटायर झाला, आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, लग्नं झाली, घरं झाली, पण क्लब काही सुटला नाही. आता तो हरला की माझा आठवडा सुतकात जातो.

मॅच माझ्या क्वेकर्स हिलच्या घरी बघायची आणि नियम क्रिकेटचे पाळायचे. टीम पुढे असेल तर जागचं हलायचं नाही. तहान लागो, नाहीतर आणखी काही लागो, मांडी मोडायची नाही.

यंदा मात्र क्लबची पार वाट लागली. तळाच्या चारांत राहिला की थेट खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि आम्ही नोव्हेंबरपासून तळाशी चिकटलेलो. पहिला संशय मी सोफ्यावर घेतला, कारण देवयानीने त्याची कव्हरं बदलली होती. जुनी परत घातली, तरी हरलो. मग मी लिंबू-मिरची टांगली. स्टीफन वसईचा, त्याने मेणबत्ती लावली. दोन्ही देव इंग्लंडच्या बाबतीत हात वर करून बसले.

आणि मग एका मॅचला माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाऊन दोन गोलनी पुढे होतं. हाफटाइमला दत्तप्रसाद आला, शिफ्ट संपवून, हातात थालीपिठांचा डबा. बसला, डबा उघडला, आणि आम्ही तीन गोल खाल्ले. मी थालीपीठ चावता चावता मागच्या मॅचेस आठवायला लागलो. तो होता, हरलो. तो नव्हता, जिंकलो. तो उशिरा आला, तिथून पुढे हरलो.

“स्टीफन्या,” तो गेल्यावर मी म्हणालो, “दत्त्या पनवती आहे.”

“हळू बोल,” स्टीफन म्हणाला. म्हणजे त्यालाही तोच संशय होता!

मग सुरू झाल्या थापा. देवयानीला बरं नाहीये, नेट गेलंय, आज मॅच दाखवतच नाहीयेत. दत्तप्रसाद दरवेळी म्हणायचा, “बरं, बरं, नो वरीज.” एकदा पहाटे तो शिफ्टवरून परतताना माझ्या घरावरून गेला असणार, कारण स्टीफनची गाडी माझ्या ड्राइव्हवेत होती आणि तेवढ्यात मेसेज आला, ‘सगळे बरे ना?’ मी पडदा सरकवून बघितलं. रस्त्याच्या टोकाला थांबलेली एक गाडी निघून गेली. माणूस बेल न वाजवता जातो म्हणजे त्याला कळलेलं असतं.

जानेवारीत स्टीफनने त्याला शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये तोंडावर सांगून टाकलं, “बाबा रे, सीझन संपेपर्यंत तू बघू नकोस. तू पनवती आहेस.” दत्तप्रसाद हसला. “असेन बाबा,” म्हणाला. मला ते हसणं काही पटलं नाही, पण टाऊन जिंकायला लागलं आणि मी गप्प बसलो. जिंकत्या टीमच्या वेळी कोण चौकशा करतो?

मे उजाडला. पावसामुळे राहिलेली एक मॅच बुधवारी आमच्या पहाटे पावणेपाचला होती. हरलो की गेलो. ड्रॉ झाला तरी वाचलो. हाफटाइमला आम्ही एकाने पुढे होतो, मी मांडी घालून बसलो होतो, पायांना मुंग्या आल्या होत्या आणि त्या मुंग्यांचाही मला आनंद होत होता.

फोन वाजला. मयूराचा, म्हणजे दत्तप्रसादच्या बायकोचा. ती गरोदर होती, पण तारखेला अवकाश होता.

“यतिन, दत्ता तुमच्याकडे आलाय का?”

“छे. त्याला तर...” मी जीभ चावली. “का गं?”

“मी हॉस्पिटलमध्ये आहे. कळा सुरू झाल्यात. मला दारात सोडून गाडी लावतो म्हणाला, तो अजून आलाच नाही. फोन उचलत नाहीये.” तिचा श्वास अडकला. “मागच्या दोन्ही वेळी तो होता रे माझ्याजवळ. आता मी एकटीने नाही करणार.”

मागच्या दोन्ही वेळी! मला एकाच वेळचं ठाऊक होतं. त्या दोघांची दोन मुलं पोटातच गेली होती, आणि हा मला सोफ्यावर बसून थालीपिठं देत होता.

मी उठलो.

“बस खाली!” स्टीफन ओरडला. “एकाने पुढे आहोत! यत्या, मांडी मोडलीस तर बघ!”

“दत्त्याचं काहीतरी झालंय,” मी म्हणालो आणि चावी घेतली.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये त्याची गाडी शोधायला वेळ लागला नाही, एवढ्या पहाटे होत्याच किती? काचा बंद, आत हा स्टिअरिंगला धरून बसलेला. मी दार उघडून शेजारी बसलो.

“काय रे गाढवा? बायको आत ओरडतेय आणि तू इथे काय करतोयस?”

“मी आत नाही येणार.”

“का?”

“माहितीये तुला.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “दोन्ही वेळी स्कॅनला मी तिथे होतो. दोन्ही वेळी स्क्रीनवर बघून स्कॅन करणारी बाई गप्प झाली. तेव्हा नाही आलं डोक्यात. स्टीफनने सांगितलं आणि सगळं जुळलं. म्हणून त्यानंतर एकाही स्कॅनला गेलो नाही. कामाचं कारण सांगत आलो तिला. आणि बघ, सगळं नीट झालं. आता शेवटच्या क्षणी मी जाऊन वाट लावू?”

मी त्याला म्हणालो, अरे ती गंमत होती. तो म्हणाला, गंमत होती तर पडदा का सरकवलास? मी म्हणालो, असं काही नसतं. तो म्हणाला, मग मी यायचं थांबल्यावर टाऊन का जिंकलं? मी स्वतः ते मानत होतो! अजूनही मानत होतो, तिथे त्या गाडीत बसूनसुद्धा.

मग मी फोन काढला आणि मॅच लावली. शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. टाऊन एकाने पुढे.

“बघ,” मी फोन त्याच्यासमोर धरला.

“अरे बंद कर! क्लब जाईल!”

“जाऊ दे.”

“यतिन...”

“ऐक माझं. पनवती काय रेशनवर मिळते का, रोज नवी? एकदा खर्च झाली की झाली. तुझ्यात असेल नसेल ती सगळी आज ऑल्डरफोर्डवर काढ. बघ नीट, डोळे फाडून बघ. मग आत जा.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. पण बघायला लागला.

आणि मी, ज्याने या क्लबसाठी इतकी वर्षं झोपेचं खोबरं केलं, तो मी मनात म्हणायला लागलो, खा गोल. बाप्पा, दोन गोल खायला लाव. जिंकलो तर हा म्हणेल, पनवती शिल्लकच राहिली, आणि इथून उठणार नाही. आमच्या गोलकीपरने एक बॉल अडवला आणि मी त्याला अशी शिवी हासडली की दत्तप्रसाद दचकला. दुसरा बॉल त्याच्या हातातून निसटला. एक-एक.

“अजून एक,” मी मोठ्यानेच म्हणालो.

अगदी शेवटी कॉर्नर झाला आणि आमच्याच कोणाच्या तरी डोक्याला लागून बॉल आत गेला. मी हात वर करून ओरडलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच, ते क्लबचं होतं.

“संपली!” मी त्याचा सीटबेल्ट सोडला. “सगळी संपली तुझी. गेलो आपण खाली. पळ आता!”

तो पळाला. गाडीचं दार उघडंच टाकून पळाला.

मुलगी दुपारी झाली. संध्याकाळी मी आणि स्टीफन बघायला गेलो. मयूरा झोपली होती. दत्तप्रसाद खिडकीपाशी पोरीला घेऊन उभा होता, तिच्याकडे टक लावून. स्टीफनने पोरीच्या कपाळावर क्रूस काढला, छान आहे म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे वळला. सकाळपासून त्याच्या पोटात ते खदखदत होतं.

“पुढे असताना गेलो आपण. खरं सांग, दत्त्याने मॅच बघितली ना?”

दत्तप्रसादचा चेहरा उतरला. त्याने पोरीला आणखी जवळ घेतलं.

“नाही,” मी म्हणालो. “तो आत होता बायकोजवळ. मी एकटा गाडीत बघत होतो. मांडी मोडून उठलं कोण? मी. पनवती मीच आहे, स्टीफन्या.”

स्टीफनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. संशयाने बघणं काय असतं ते मला पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने दिसलं.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “मग पुढच्या सीझनला तू नाही बसायचं.”

“माझ्याच घरात?”

“तुझ्याच घरात. बाहेर लॉनवर बस.”

“नो वरीज, मेट.”

स्टीफन कॉफी आणायला गेला. दत्तप्रसाद दोन पावलं पुढे आला आणि पोरीला माझ्यापुढे धरलं. “घे.”

माझे हात पुढे होईनात. एवढासा जीव, आणि मी आत्ताच तोंडाने म्हणालो होतो की मी पनवती आहे. मूर्खपणा होता, मला कळत होतं, तरी हात मागे आले. जानेवारीपासून या माणसाने काय काढलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

“नको रे,” मी म्हणालो. “मी...”

“यतिन, धर म्हणतो ना.”

मी धरलं. तिने जांभई दिली आणि माझ्या शर्टाला तोंड लावून झोपून गेली.