देवाची चुकलेली वेलांटी

निपाणीजवळच्या माळावर ज्योतीमहाराजांचा मठ होता आणि रविवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसे. कारण तिथला देव लिहीत असे. भक्ताने नंबराची चिठ्ठी घेताना शिष्याला आपली अडचण सांगायची, स्वतःच्या हाताने कोरी फळी मूर्तीपुढच्या लाकडी पाटावर ठेवायची, पडदा ओढायचा आणि डोळे मिटायचे. आत घंटा घणघणे, धुपाचा लोट उठे. पडदा सरला की फळीवर देवाचे उत्तर कोरलेले.

"आत माणूस न्हाय, उंदीर न्हाय, फकस्त ज्योत हाय," महाराज सांगत. "चोरून बघशीला तर आंधळं व्हशीला." एवढे एक मात्र ते खरे बोलत होते.

वडगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या नागेंद्रसरांची थोरली बहीण मंगल अशीच एक फळी घेऊन घरी आली. मंगलला लहानपणापासून फिट यायच्या. रोजच्या गोळीवर त्या आटोक्यात होत्या, म्हणून तर ती यंत्रमागावर कामाला जाऊ शकत होती. फळीवर लिहिले होते, 'मरिगी जाईल. गोळ्‌या सोड.' आणि तिने त्या सोडल्याही होत्या. चालत्या मागावर फिट आली तर हात जाईल, नाहीतर जीव.

सरांना आधी बहिणीची काळजी वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो मत्सर. वर्षभर ते घरच्या टेबलावर लेसरने कोरायचे यंत्र जुळवत होते. मोटारी खडेबाजारातून आणल्या, दांडे जुन्या प्रिंटरचे काढले. लेसरचा उजेड सोडणारा डायोड स्वस्तातला घेतला, तर डब्यावर लिहिलेल्या ताकदीच्या निम्मीही त्यात निघाली नाही. लेन्स प्लास्टिकची, त्यामुळे रेघ जाड. धूर उडवायला हवेचा पंप नाही, त्यामुळे सगळे काळेकुट्ट. त्यावर कोरलेली पहिली पाटी त्यांनी हौसेने आक्काला दिली, आणि आक्काने ती माठावर झाकण म्हणून ठेवली. महाराजांची फळी मात्र थेट देव्हाऱ्यात गेली, वर हळदकुंकू.

"अक्षर बघ की रं, कसं मोत्यावानी हाय," मंगल म्हणाली. "तुझं आपलं कोळशानं वढल्यावानी."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भिंग काढले. रेघ केसासारखी, कडा स्वच्छ. "काचेची लेन्स हाय ह्याच्याकडं," ते पुटपुटले. "आणि पंप बी हाय." देवावर असे जळणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल. मग त्यांचे लक्ष वेलांटीकडे गेले, आणि कित्येक महिन्यांत आले नव्हते असे हसू त्यांना आले. 'मिरगी'तल्या 'मि'ची वेलांटी पुढे सरकून 'र'ला चिकटली होती आणि 'ळ' पाय मोडून उभा होता. कोरायचा प्रोग्रॅम इंग्रजीच्या सवयीने एकापुढे एक अक्षर ठेवत जातो. सरांची पहिली पाटी अशीच बिघडली होती. दुसऱ्याची चूक जळणाऱ्याला लवकर सापडते.

रविवारी ते मंगलला घेऊन मठात गेले आणि भर गर्दीत त्यांनी वेलांटीचे विचारले. तंबाखूवाले आण्णासाहेब हसून म्हणाले, "सर, कानडीत वेलांटी अक्षराच्या आधी येतीया व्हय? देव हितलाच. त्यो दोनी भाषा मिसळून लिवतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. सीमेवरच्या देवाला दोन भाषा यायलाच हव्यात, हे कुणालाही पटण्यासारखे होते.

सर रांगेत उभे राहिले. 'हेडमास्तर कधी होणार?' असा प्रश्न शिष्याला सांगून ते आत गेले आणि पाटावर फळीऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा जाड तुकडा ठेवून आले. घंटा झाली, धूप झाला, पडदा सरला. तुकड्यावर ओरखडाही नव्हता.

"देव कोपला," महाराज म्हणाले. "मनात पाप घिऊन आलाय ह्यो."

सरांनी तुकडा उचलला. खाली देवाच्या पाटावर ताजे, धुरकट अक्षर उमटले होते: 'थोडं थांब.'

"लेसरचा निळा उजेड ह्यातनं आरपार जातोय आणि लाकूड जाळतोय. डोळ्यात गेला तर डोळं बी जातील," सर म्हणाले. "देवाला कळलं न्हाय व्हय, वर काय ठेवलंय ते?"

त्यांनी मखराच्या छताचे मखमली कापड ओढले. आत दोन दांडे, पट्टा, मोटारी, डायोडची डबी, आणि मागच्या खोलीकडे गेलेली वायर. खोलीत एक शिष्य लॅपटॉपपुढे बसला होता. चिठ्ठी देताना ऐकलेल्या अडचणीचे उत्तर तो टाइप करी. घंटा मोटारीचा आवाज झाकी, धूप जळक्या लाकडाचा वास. सर क्षणभर बघतच राहिले. लेन्स काचेचीच होती. "सामान मात्र झ्याक निवडलंय," ते कडवटपणे म्हणाले. तोवर महाराज मागच्या दाराने गेले होते.

"म्हंजे तुमाला बी असं लिवता येतंय?" आण्णासाहेबांनी विचारले.

"येतंय. ह्याच्यापरीस वंगाळ येतंय," सर म्हणाले, आणि लोक हसले.

मंगल हसली नाही. ती पाटावरच्या अक्षरावरून बोट फिरवत होती. "माझ्या फळीवर एवढं देखणं अक्षर, मला वाटलं खरंच असणार," ती हळूच म्हणाली. सरांना आता स्वतःच्या जळण्याची लाज वाटली. त्यांनी खिशातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"अक्षर देखणं हाय म्हणून मजकूर खरा व्हत न्हाय, आक्का. कोण लिवतंय, कशानं लिवतंय, ते डोळं उघडं ठिवून बघायचं. आणि गोळी सोडायची का न्हाय, ते डॉक्टरला इचारायचं."

मंगलने मठाच्याच नळाचे पाणी ओंजळीत घेतले आणि सगळ्यांदेखत गोळी गिळली.