दुसऱ्या रायफलीचं काडतूस

शिरीष कीर्तन्यांना बंदुकीतलं जेवढं कळतं, तेवढं मला कथकमधलं कळतं. फरक एवढाच, की मी घुंगरू बांधून चारचौघांत कधी उभा राहिलो नाही.

कीर्तने म्हणजे माझ्या मुलाचे, अमेयचे साहेब. सिंगापुरातल्या वन-नॉर्थच्या ऑफिसात नव्या टीमचा प्रमुख कोण होणार हे ते ठरवणार होते, म्हणून २०१६ सालचे आमच्या घरातले सगळे शनिवार त्यांच्या नोव्हेनाच्या कॉन्डोत जायचे. दरवर्षी ते न्यूझीलंडला एका मित्राच्या शेतावर हरणाच्या शिकारीला जात. सिंगापुरात खिशात काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली तरी भानगड, त्यामुळे उरलेले अकरा महिने त्यांची शिकार तोंडानेच चाले. त्या वर्षी अमेयलाही बरोबर नेणार होते. टीमचा प्रमुख निवडायची ही काय पद्धत म्हणायची! पण अमेय हरखून गेला होता.

जायच्या आधीच्या शनिवारी साहेबांनी मला फोनवर व्हिडिओ दाखवला. त्या मित्राच्या गॅरेजात साहेब स्वतः, उडवून झालेल्या पुंगळ्या पुन्हा भरताना.

"फेकायचं काहीच नाही, काका. पुंगळीची फक्त मान दाबायची, मग नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. अंगाला हात लावायचा नाही. पितळ टिकतं आणि नेमही झकास लागतो."

"आणि अमेय कुठली रायफल वापरणार?"

"मित्राकडे दुसरी आहे ना. काडतुसं हीच. सेम कॅलिबर, काका!"

सेम कॅलिबर म्हणे. उथळ पाण्याला खळखळाट फार. एकतीस वर्षं मी दारूगोळा कारखान्यात तपासनीस होतो. काडतूस उडालं की पितळ फुगतं आणि त्या रायफलीच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेतं. नुसती मान दाबून भरलं तर त्याच रायफलीत परत छान बसतं. दुसरीत घालणं म्हणजे दुसऱ्याने वर्षभर घातलेल्या बुटात पाय घालणं. बसलं तर बसलं. दोन रायफलींत चालवायचं असेल, तर पुंगळी अंगासकट दाबून मूळ मापावर आणायची आणि दारू भरण्याआधी दोन्हींत घालून बघायची. आमच्याकडे नवशिक्याला हे पहिल्या आठवड्यात कळायचं. मी ते सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

साहेब हसले. "काका, तुमचा सरकारी जमाना वेगळा. आता सगळं ऑनलाइन असतं. मी किती वाचलंय त्यावर!"

अमेयही हसला. मला त्या हसण्याची शिसारी आली. साहेबाचं हसू संपायच्या आत याचं सुरू झालं होतं.

यिशुनला घरी परतताना एमआरटीच्या मेट्रोत तो म्हणाला, "बाबा, प्लीज, सरांसमोर असं नका बोलू. माझं सगळं त्यांच्यावर आहे."

"नाही बोलत. पण एक ऐक. काडतूस आत सारणारा मागचा बोल्ट सहज बंद झाला नाही, तर जोर लावायचा नाही. तळहाताने ठोकायचं तर मुळीच नाही. आत भरलेलं काडतूस अडकलं, की ते बाहेर काढताना काय होईल सांगता येत नाही. रायफलीचं तोंड जमिनीकडे धरायचं, आणि मित्राला हाक मारायची."

तो हो म्हणाला. तो शिकारीला गेला ते दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

परत आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं, "बसलं?"

"नाही. हरीण समोर उभं होतं, पण बोल्ट बंदच होईना. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. मित्राने हळूच बाहेर काढलं ते."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाळिशीच्या माणसाच्या डोक्यावर! मला रडूच आलं.

"साहेबांना काय म्हणालास?"

"म्हटलं, हरीण बघून मीच घाबरलो, ट्रिगर दाबलाच नाही." त्याने नजर चुकवली. "मित्राला पण गप्प राहायला सांगितलं. सरांना वाईट वाटलं असतं, बाबा."

महिन्याभरात अमेय टीमचा प्रमुख झाला. साहेबांनीच पार्टी दिली. पुरीभाजी, श्रीखंड, ऑफिसची वीस-पंचवीस माणसं. साहेब मधोमध उभे राहून हरणाची गोष्ट सांगायला लागले. अमेय कसा थरथरला, कसा पांढराफटक पडला, याचा त्यांनी अभिनय करून दाखवला. लोक पोट धरून हसत होते, अमेय सगळ्यांत मोठ्याने.

माझी नात श्रिया तेव्हा आठ वर्षांची होती. तिने बापाचा शर्ट ओढला. "बाबा, यू सो स्केअर्ड अह?"

"येस लाह," अमेय तिच्याच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "व्हेरी स्केअर्ड."

तिचा चेहरा पडला, आणि माझ्या हातातली ताटली मी टेबलावर आदळली.

"घाबरला नव्हता तो! कीर्तने, तुम्ही भरलेलं काडतूस दुसऱ्या रायफलीत बसलंच नाही. याने ठोकाठोक केली नाही म्हणून हा आज इथं धडधाकट उभा आहे. विचारा त्याला!"

साहेबांनी अमेयकडे पाहिलं. मीही पाहिलं. श्रियाने तर मान वर करून दोन्ही डोळे त्याच्यावर लावले होते.

अमेय माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांकडे बघून हसला.

"सॉरी सर," तो म्हणाला. "बाबांचं वय झालंय. हल्ली काहीही बोलतात."